झाडे गुरुजींची हरकत

पारडगावात कोणाला काही मागायचं असलं की तो आधी झाडे गुरुजींच्या घराकडे वळतो. गुरुजींकडे फार काही आहे अशातला भाग नाही. पण मागून बघायला काय जातं? आणि गुरुजी काय म्हणणार हे तर गावातल्या शेळ्यांनाही ठाऊक आहे. गुरुजी म्हणतात, "हरकत नाही."

मधुकरराव झाडे जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. बोलणं सगळं अस्सल वऱ्हाडी, पण हे दोन शब्द मात्र शुद्ध, थेट पाठ्यपुस्तकातून कापून आणल्यासारखे. नोकरीच्या सुरुवातीला कोणी एक साहेब शाळा तपासायला आला आणि जाता जाता 'हरकत नाही' म्हणून गेला. ते शब्द गुरुजींना इतके आवडले की जिभेवर बसले ते बसलेच. शेजारच्या रूपरावने आपलं थ्रेशर 'दोन दिवसांसाठी' म्हणून त्यांच्या अंगणात आणून उभं केलं. हरकत नाही. आता त्या थ्रेशरला मधमाश्यांचं पोळं लागलं आहे आणि गुरुजी स्वतःच्या घरात मागच्या दाराने शिरतात. निवृत्तीच्या समारंभात फोटोवाला म्हणाला, "गुरुजी, जरासे बाजूले सरका, सभापती कटून राह्यले." गुरुजी सरकले. मग आणखी सरकले. तो फोटो अजून भिंतीवर आहे. वर 'श्री. मधुकरराव झाडे यांचा सेवापूर्ती सोहळा' असा फलक, खाली हारतुरे घेतलेले मान्यवर, आणि अगदी कडेला गुरुजींचं कोपर.

माणूस बावळट नव्हता. पण 'नाही' म्हटलं की समोरच्याचा चेहरा उतरतो, आणि उतरलेला चेहरा गुरुजींना बघवत नसे. एवढ्या एका गोष्टीपायी त्यांनी अंगण घालवलं, फोटो घालवला, आणि बायकोच्या मनातली जागाही जवळजवळ घालवली होती.

त्याचं असं झालं. तरुणपणी गुरुजी मुलगी बघायला वायगावला गेले. चहा-चिवडा झाला. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "मंग, पोरगी पसंत हाय का?" मधुकररावांना पोरगी इतकी पसंत होती की कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. पण चारचौघांत तसं म्हणायचं कसं? त्यांनी चिवड्याच्या बशीकडे बघत म्हटलं, "हरकत नाही."

दाराआड उभ्या असलेल्या सुलोचनाने ते ऐकलं. लग्न झालं, संसार झाला, पोरं शिकून नागपूर-पुण्याला गेली, पण ते वाक्य काही तिच्या घशाखाली उतरलं नाही. भांडण गॅस संपल्यावरून सुरू होवो की मोबाइलच्या चार्जरवरून, गाडी शेवटी तिथेच येऊन थांबायची. "तुमी मले पसंत थोडी केलतं! तुमची हरकत नव्हती, बस!" यावर गुरुजी काय म्हणत असतील ते सांगायला नकोच.

सुलोचनाबाईंचा सगळा जीव गावाबाहेरच्या हळदीच्या तुकड्यात होता. जमीन गुरुजींच्या वडिलांची, सातबाराही गुरुजींच्या नावावर, पण राज्य सुलोचनाबाईंचं. वायगाव म्हणजे हळदीचं गाव, तिथून त्या लग्नात भांड्यांच्या जोडीला हळदीचं बेणं घेऊन आल्या. तेव्हापासून दर वर्षी त्यातलंच बेणं राखायचं आणि पुन्हा लावायचं. त्यांच्या तळव्यांचा पिवळा रंग कुठल्याच साबणाने जात नसे. घरातल्या प्रत्येक कपाचा कान पिवळा, दाराची कडी पिवळी, टीव्हीचा रिमोट पिवळा, गुरुजींच्या चष्म्याच्या काड्या पिवळ्या.

आणि मग बायपास आला. गावच्या चौकात कापसाचे ट्रक अडकायचे, एसटी उलटी घ्यावी लागायची, म्हणून रस्ता गावाबाहेरून न्यायचं ठरलं. गाव खूश झालं, गुरुजीही खूश झाले. मोजणीवाले त्यांच्या दारात येऊन म्हणाले, "गुरुजी, तुमच्या वावरात जाऊन येतो." गुरुजी म्हणाले, "हरकत नाही. अन् चहा घेऊन जाजो." त्यांनी पिवळ्या कानांच्या कपांतून चहा घेतला आणि चुन्याची रेघ सरळ सुलोचनाबाईंच्या हळदीच्या मधोमध ओढली.

पुढे कोतवाल तानबा नोटीस घेऊन आला. "गुरुजी, बायपाससाठी तुमचा तुकडा जाऊन राह्यला. कोनाची हरकत असंल तं समुद्रपूरले सुनावनी हाय, तिथं सांगाची."

"हरकत नाही," गुरुजी सवयीने म्हणाले.

"मंग तसंच सांगू का सायबाले?"

तेवढ्यात सुलोचनाबाई खुरपं घेऊन बाहेर आल्या. तानबा चहाला थांबला नाही.

"आयका," त्या म्हणाल्या. खुरपं अजून हातातच होतं. "अंगन रूपरावले देलं, मी बोलली नाई. फोटो सभापतीले देला, मी बोलली नाई. आता हळद गेली तं मी वायगावले चालली. कायमची."

"हर..." एवढं म्हणून गुरुजींनी स्वतःच्याच तोंडावर हात दाबला.

मग हात काढून ते हळूच म्हणाले, "तूच बोल ना तिथं. तुले बोलता येते."

"सातबाऱ्यावर नाव कोनाचं? तुमीच बोलान. मी मांगं बसून आयकीन. एकडाव तरी आयकू द्या मले."

आणि सुलोचनाबाईंनी नवऱ्याची शिकवणी सुरू केली. त्यांची रीत सोपी होती. "कोनी 'हरकत नाई ना' म्हनलं का डोये मिटाचे अन् म्हनाचं, हरकत आहे. मानसाच्या तोंडाकडं पाहाचं नाई. इचार तं बिल्कुल कराचा नाई. तुमी इचार कराले बसले का फसले."

गुरुजी आज्ञाधारक विद्यार्थी निघाले. न्हावी म्हणाला, "गुरुजी, मिशी जराशी बारीक करतो, हरकत नाई ना?" गुरुजींनी डोळे मिटले आणि "हरकत आहे!" असं ओरडले की न्हाव्याची कात्री दचकली. मिशीचा डावा भाग गेला. मग बरोबरी साधायला उजवाही काढावा लागला. भजनी मंडळाच्या अनुसयाबाई म्हणाल्या, "यंदा गणपतीची आरती तुमच्या घरी ठेवतो, हरकत नाई ना?" "हरकत आहे!" संध्याकाळपर्यंत गावभर झालं की गुरुजी नास्तिक झाले आणि त्या धक्क्याने त्यांची मिशी गळाली.

रूपरावाला काळजी वाटली. तो गुरुजींचा बीपी विचारायला आला आणि जाता जाता म्हणाला, "ते थ्रेशर दिवाळीपावतर राहू द्या गुरुजी. हरकत नाई ना?" गुरुजींनी डोळे मिटले. "हरकत..." पण तेवढ्यात त्यांना शंका आली की रूपरावाला वाईट तर वाटणार नाही. त्यांनी एक डोळा किलकिला केला. रूपरावचा चेहरा खरंच उतरायला लागला होता. "...नाही," गुरुजी म्हणाले.

त्या दिवशी भाजीत मीठ नव्हतं. सुलोचनाबाई एवढंच म्हणाल्या, "डोये उघडले, हळद गेली. ध्यानात ठेवजा."

सुनावणीच्या दिवशी दोघं एसटीने समुद्रपूरला गेली. रूपरावही सोबत होता, त्याला तमाशा बघायचा होता. तहसील कार्यालयाचा हॉल गच्च भरलेला. समोर उपविभागीय अधिकारी मॅडम, वयाने तरुण, पुण्याकडच्या. शेजारी टाइप करणारा बाबू. कोणी म्हणत होतं धुळीने कापूस काळा पडेल. कोणी म्हणत होतं रस्ता माझ्या शेतातून का नाही, माझं काय पाप? सुलोचनाबाई शेवटच्या बाकावर बसल्या होत्या आणि पदराचं टोक पिवळ्या बोटांना गुंडाळत होत्या.

"मधुकरराव झाडे!" बाबूने पुकारलं.

गुरुजी उठले, समोर गेले आणि लगेच डोळे मिटून उभे राहिले. उघड्या पडलेल्या ओठावर घाम आला होता. मॅडमना वाटलं, म्हातारबुवा प्रार्थना करत आहेत. त्यांनी अदबीने जरा थांबून मग बोलायला सुरुवात केली.

"गुरुजी, तुमच्यासाठी चांगली बातमी आहे. नाल्यावरच्या पुलाची जागा बदलली. त्यामुळे रस्ता आता पलीकडच्या ई-क्लासच्या पडीक सरकारी जमिनीतून जाईल आणि तुमचं शेत त्यातून वगळता येईल. याला तुमची काही हरकत नाही ना?"

यातलं गुरुजींनी काय ऐकलं? फक्त शेवटचे तीन शब्द. इतके दिवस ते त्यांचीच वाट बघत होते.

"हरकत आहे!"

खिडकीतलं कबूतर उडालं. उभ्या नोकरीत गुरुजी वर्गात एवढ्या जोरात ओरडले नव्हते. मॅडमच्या हातातलं पेन खाली पडलं.

"हरकत आहे? शेत वगळायला?"

"हरकत आहे!" गुरुजी आणखी जोरात म्हणाले. त्यांना आता चव लागली होती.

"म्हणजे रस्ता तुमच्याच शेतातून हवा?"

बाबूची बोटं खडखड चालू झाली. मागून कोणीतरी फिसकन हसलं आणि सगळा हॉल फुटला. सुलोचनाबाई बाकावर उभ्याच राहिल्या. "अवो! नाई म्हना! नाई म्हना!"

गुरुजींनी डोळे उघडले. "काय नाई म्हनू? हरकत नाई म्हनू का हरकत आहे नाई म्हनू?"

"तुमची हळद वाचून राह्यली न जी!" रूपराव ओरडला. "तुमीच काऊन बुडवून राह्यले तिले?"

गुरुजींनी मॅडमकडे पाहिलं, बाबूकडे पाहिलं, नकाशाकडे पाहिलं, आणि आपण काय करून बसलो ते त्यांच्या लक्षात आलं. चेहरा पार पांढरा पडला. त्यांना 'हरकत' म्हणायचं होतं, पण त्याच्यापुढे 'आहे' लावायचं की 'नाही', हे काही केल्या ठरेना. नुसतं "हर, हर" एवढंच बाहेर पडू लागलं. मागच्या रांगेतल्या एका भाविकाने "महादेव!" अशी साथही दिली.

मॅडमनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "गुरुजी, ती हरकत राहू द्या बाजूला. तुम्हाला काय पाहिजे, तेवढं सांगा."

हा प्रश्न गुरुजींना आजवर कोणी विचारलाच नव्हता. त्यांना त्याचं पाठ केलेलं उत्तर येत नव्हतं. त्यामुळे खरं होतं तेच बाहेर आलं.

"मले... मले हळद पाहिजे, मॅडम. म्हंजे हिची हळद. हे पहाटे वावरात जाते, पिवळे हात घेऊन येते, अन् त्याच हातानं मले चहा देते. आमच्या घरच्या साऱ्या कपाचे कान पिवळे हायेत. पाव्हने हासतेत, पन मले दुसऱ्या कपातला चहा जात नाई. हळद गेली तं हे वायगावले जाईन म्हन्ते." त्यांनी शेवटच्या बाकाकडे बोट केलं. "मले हे पाहिजे, मॅडम. हळद पाहिजे अन् हेही पाहिजे."

हॉलमध्ये कोणी हसलं नाही. बाबूने टाइप करता करता मान वर केली. "मॅडम, 'हेही पाहिजे' ते पण नोंदवू?"

"नको," मॅडम म्हणाल्या. त्यांनी चष्मा पुसला. "शेत वगळायला हरकत नाही, असं लिहा. बरोबर ना गुरुजी?"

गुरुजींनी तोंड घट्ट मिटून मोठ्ठी मान हलवली. शब्दांवर त्यांचा आता विश्वास उरला नव्हता. शेत सुटलं.

परतीच्या एसटीत दोघांना बाकडं मिळालं. सुलोचनाबाई खिडकीशी बसल्या. गाडी सुटायच्या आधी त्या बाहेरच बघत म्हणाल्या, "एक इचारू?"

"इचार."

"बाबानं इचारलं होतं, आता मी इचारते. पोरगी पसंत हाय का?"

गुरुजींच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात मागून कोणीतरी खांद्यावर थाप मारली. रूपराव.

"गुरुजी, पाय लय दुखून राह्यले. घडीभर उठता का, मी बसतो. हरकत नाई ना?"

गुरुजी वळले. या वेळी त्यांनी डोळे मिटले नाहीत. चांगले उघडे ठेवले आणि रूपरावाच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"हरकत आहे," ते म्हणाले. "मी बायकोसंग बोलून राह्यलो. अन् ते थ्रेशर उद्या उचलजो."

रूपरावचा चेहरा उतरला. गुरुजींनी तो शेवटपर्यंत उतरू दिला. मग ते बायकोकडे वळले.

"पसंत हाय," ते म्हणाले. "तवाही होती."

सुलोचनाबाईंनी खिडकीकडे तोंड फिरवलं. गाडी सुटली, स्टँड मागे गेला, बाजार मागे गेला, समुद्रपूरची शेवटची घरंही मागे गेली. त्यांनी पदराने एकदा नाक पुसलं.

मग म्हणाल्या, "मिशी वाढवा पुन्हा. मले ते पसंत होती."