पुंजाजीचा शनिवार

आमच्या विद्यार्थी मंडळाच्या बैठकीच्या खोलीत नऊ तसबिरी आहेत. पागोटी, टोप्या, मिशा. एका तसबिरीत तर खुर्चीच जास्त दिसते आणि अध्यक्ष कमी. या नऊ जणांनी मिळून किती पोरं जेवू घातली ते मी सांगत नाही, कारण दर दसऱ्याला हार घालायला मलाच बोलावतात. दहावी तसबीर पुंजाजीची हवी होती. ती नाही, याचा मला दरवर्षी नव्यानं राग येतो, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

बुलढाण्याला हायस्कूल होतं आणि आमच्या खेड्यांत नव्हतं, एवढ्या एका गोष्टीवर मंडळ उभं होतं. कापसाच्या गोदामामागे पत्र्याच्या दोन खोल्या, त्यात आम्ही तेवीस पोरं. फी, पुस्तकं आणि कंदिलाचं तेल मंडळ द्यायचं. जेवण मात्र वारावर. म्हणजे सोमवारी एका घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्या, अशी सात दिवसांची सात घरं ठरली की पोरगं शिकायला मोकळं. ही घरं शोधणं, त्यांना गळ घालणं आणि कोणत्या पोराला कोणत्या दिवशी कुठं पाठवायचं ते ठरवणं, हे सगळं एकटा पुंजाजी करायचा. तो डोणगावचा, पन्नाशीचा, वाळलेला माणूस. अंगात कुण्या वकिलानं दिलेला काळा कोट, त्याला एकही गुंडी नाही. त्याचं स्वतःचं जेवणही वारावरच होतं. मंडळानं त्याला सात घरी एकेक ताट बांधून दिलं होतं.

पुंजाजीनं कधी काही लिहून ठेवलं नाही. सगळे वार डोक्यात. आणि ते डोकं काय होतं म्हणता! आमच्यातला ढगे नावाचा मुलगा एका बैठकीला अकरा भाकरी खायचा. त्याला पुंजाजी एका आळीत आठवड्यातून एकदाच पाठवी, आणि जिथं नवी सून भाकरी थापते त्या घरी तर कधीच नाही. गणितात कच्चा होता त्याचा मंगळवार गणिताच्या मास्तरांकडे. मास्तर पावकी-दिडकी म्हणून घेतल्याशिवाय आमटी वाढत नसत. पोरगं पोटासाठी पास झालं. सतत बडबडणाऱ्याला एका ठार बहिऱ्या आजोबांचं घर दिलं होतं, दोघंही खूश होते. रुखमाबाईंच्या घरी सासू-सुनेचं वाजायचं, ते नेमकं बुधवारी दुपारी, कारण त्या दिवशी सुनेच्या माहेरचा माणूस बाजाराला यायचा. पुंजाजीनं बुधवारी तिथं एक पोरगं बसवलं. परक्या पोरासमोर भांडायचं कसं, म्हणून दोघी गप्प बसू लागल्या. देऊळघाटचा गफ्फार आमच्यातच राहायचा; त्याचा सोमवार अब्दुल गनी शिंप्याकडे. अब्दुल गनीची बायको बानो त्याला पोटच्या पोरासारखं रागवायची आणि वर तूप वाढायची. जातपात पाहावीच लागे, ती पुंजाजी पाहत असे, पण त्याहून जास्त तो भूक पाहत असे.

एक गोष्ट आम्हाला चमत्कारिक वाटायची. पुंजाजी शनिवारी मारुतीचा कडक उपास करायचा, पण मारुतीच्या देवळात तो गेलेला कुणी पाहिला नव्हता. शनिवारी त्याचा पारा असा चढलेला असायचा की ढगेसुद्धा त्याच्या वाटेला जात नसे. मला मात्र शनिवारी जेवून आलो की तो हमखास जवळ बोलवायचा. माझा शनिवार वकिलांच्या अन्नपूर्णाबाईंकडे.

"काय होतं बे आज, तुळश्या?"

"वांगंच. दुसरं काय असते तिथं?"

"तेल होतं का वर?"

"होतं. पण खारट होतं."

"अन् ठेचा? भाकर गरम होती का?"

असं पार ताकापर्यंत विचारायचा. मला वाटे, घराची तपासणी करून राह्यला. मग मी अधिकच तक्रारी सांगे. वकिलांच्या घरी पैसा असून भाजीत मीठ तेवढं सढळ, असं मी त्याला दोन वर्षं दर शनिवारी ऐकवलं. तो ऐकून घ्यायचा आणि बिडी पेटवायचा.

अशात मंडळाला नवे चिटणीस आले, उकंडराव देशमुख. हेही डोणगावचेच, मोठ्या जमीनदाराच्या घरचे, नागपूरला बी.ए. झालेले. आईबापांनी मूल जगावं म्हणून उकिरड्यावरून उकंडराव नाव ठेवलं होतं आणि त्यांनी ते लपवायला यू. व्ही. देशमुख अशी सही बसवली होती. अख्ख्या बुलढाण्यात त्यांना देशमुखसाहेब म्हणत. पुंजाजी एकटा, चारचौघांत, खणखणीत आवाजात "उकंडरावजी" म्हणायचा.

उकंडराव माणूस वाईट नव्हते. त्यांना मंडळासाठी तेव्हाच्या नागपूरच्या सरकारची ग्रँट आणायची होती, आणि सरकार तोंडी गोष्टीला पैसे देत नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी पुंजाजीसमोर वही ठेवली.

"सगळे वार सांगा. मी लिहून घेतो."

"नाही सांगत," पुंजाजी म्हणाला.

"काऊन?" रागात उकंडरावांची बी.ए. गळून पडायची.

"कोणाच्या घरी कोणतं पोट्टं काऊन धाडतो, हे सांगतलं तर त्या घरची चूल सांगतल्यासारखं होते. कागदावर आलं का कोणीबी वाचते."

उकंडराव तापले. त्यांनी साफ सांगून टाकलं: घरांची नावं गावात विचारून तक्ता होईल, आणि घटस्थापनेपासून वार त्याप्रमाणेच चालतील. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी वार्षिक सभा. तोवर तक्ता नीट चालला, तर मंडळाला पुंजाजीची गरज नाही. त्यानं डोणगावला जावं. आता डोणगावात पुंजाजीचं होतं काय? एक भाऊ, एक भावजय आणि एक म्हैस. आणि तिघांपैकी त्याला पाहून आनंद व्हायचा तो म्हशीलाच. भावजयीनं तर मागच्या दिवाळीला तो दारात उभा असतानाच विचारलं होतं, की परत कधी निघता. त्याची सगळी दुनिया ही आमची पत्र्याची दोन खोल्यांची बोर्डिंग होती. ती जाणार म्हटल्यावर आम्ही हादरलो. तो मात्र अंगणातल्या कडुलिंबाखाली बिडी ओढत बसला.

तक्ता लाल शाईत होता आणि दिसायला फार देखणा होता. एका बाजूला पोरांची नावं अकारविल्हे, दुसऱ्या बाजूला घरमालकांची अकारविल्हे, मध्ये सात दिवस. पोरांत पहिलं नाव अच्युतचं, साखरखेर्ड्याच्या भटजींच्या मुलाचं. घरांत पहिलं नाव अब्दुल गनी. सोमवारी अच्युत शेंडीला गाठ मारून, तक्ता म्हणजे हेडमास्तरांचा हुकूम असं समजून, बानोच्या दारात जाऊन उभा राहिला.

त्याच्यापेक्षा बानोच जास्त घाबरली. "अरे बापा, तुझ्या बापाले कळलं तर?" म्हणाली. मग तिनं त्याला ओट्यावर बसवलं आणि अजिंठ्याच्या डोंगरातून आलेली सीताफळांची टोपली पुढं ओतली. "फळाले काही होत नसते. खाय." अब्दुल गनी पाठ फिरवून मशीनवर बसला, म्हणजे पोराला लाजल्यासारखं होऊ नये. अच्युतनं सतरा सीताफळं खाल्ली, आणि पुढचे दोन दिवस तो शाळेत आला नाही. गफ्फार त्या सोमवारी कुणाकडे गेला आणि तिथं काय झालं, हे तो आजपर्यंत सांगत नाही. विचारलं की विषय बदलतो.

त्यात नवरात्र. उकंडरावांच्या तक्त्यात वार होते, उपास नव्हते. निम्म्या घरी नऊ दिवस चूल फराळापुरती. दरवर्षी या दिवसांत पुंजाजी सगळी घरं उलटीपालटी करायचा, ते आम्हाला तेव्हा कळलं. ढगेला चार दिवस ओळीनं मूठमूठ भगर आणि उकडलेलं रताळं मिळालं. तो रडकुंडीला येऊन तक्त्यासमोर उभा राहायचा आणि आपलं नाव बोटानं चोळायचा. बडबड्या पोराला एक मौनव्रतवाले गृहस्थ मिळाले, त्यांनी पहिल्याच जेवणाला मौन सोडलं. रुखमाबाईंच्या घरी बुधवारी कुणीच गेलं नाही. ते भांडण कचेरीपर्यंत ऐकू आलं. आम्ही पुंजाजीकडे धावलो की तो म्हणायचा, "मले काय विचारता? जा, तक्त्याले विचारा."

फक्त एकदा त्यानं नियम मोडला. शनिवारी तक्त्याप्रमाणे गेलो त्या घराला कुलूप होतं. मी उपाशी परत आलो. लिंबाखालून त्यानं पाहिलं आणि खेकसला, "इथं काय थोबाड पाहून राह्यला माहं? वकिलाच्या घरी जाय." मी गेलो. ताट वाढलेलंच होतं. वांगं होतं.

सभा आमच्याच एका खोलीत भरायची; तिला दरवर्षी पाच सभासद आणि एक चहाची किटली असायची. त्या वर्षी सभा सुरू होते न होते तोच दारात चपलांचा ढीग पडला. बाया आल्या होत्या, वीस-पंचवीस तरी. मंडळाच्या सभेला बाई येते हे पाचही सभासदांनी कधी पाहिलं नव्हतं. एकानं घाईनं टोपी घातली, ती दुसऱ्याची होती.

रुखमाबाई पुढं झाल्या. "माहं बुधवारचं पोट्टं कुठं हाय? ते नसलं का आमच्या दोघीची जुंपते." मागून सून म्हणाली, "हाव, खरं हाय." त्या दोघींचं एकमत झालेलं तिथं प्रथमच ऐकलं.

दाराच्या चौकटीला धरून बानो उभी होती. "माहा गफ्फार पाठवा भाऊ. त्या भटाच्या लेकरानं सीताफळं संपवले."

ज्या गोष्टी कागदावर येऊ नयेत म्हणून पुंजाजीनं तोंड शिवून घेतलं होतं, त्या बायांनी स्वतःच भर सभेत मोकळ्या केल्या. कुणी म्हणाली, बाजाराच्या दुसऱ्या दिवशीच पाठवा, आधी घरात दाणा नसतो. कुणी म्हणाली, तेच चिडकं पोरगं पाहिजे, माझ्या दिरासारखं दिसतं. उकंडराव भराभरा लिहीत होते. पान भरलं, दुसरं भरलं, आणि त्यांचा चेहरा उजळत गेला. आता सगळे वार लेखी झाले होते. मी मात्र मनात म्हणालो: कागद तयार झाला, म्हणजे पुंजाजी गेलाच. कोपऱ्यात तो पायाच्या अंगठ्याकडे पाहत उभा होता.

"एक राहिला," उकंडराव म्हणाले. "तुळशीराम, शनिवार."

"वकिलांकडे," मी म्हणालो.

अन्नपूर्णाबाई उठल्या. "तसं लिहू नका. शनवार तुळशीरामचा नाही. पुंजाजीचा हाय."

"पण जेवतो तर हा," उकंडराव म्हणाले.

"दोन वर्षापयले हे पोरगं आलं तेव्हा ह्याले सहाच घरं भेटले. शनवारचं भेटे ना. मंग पुंजाजी म्हणे, माहा मारुतीचा उपास असते, माह्या ताटावर ह्याले बसवा. मी म्हटलं, बाप्पा, दोन ताटं वाढीन. तर म्हणे, मंडळानं एकच ठरवलं, जास्तीचं भार नाही टाकत."

मला एकामागून एक सगळे शनिवार आठवू लागले. तेल होतं का वर? भाकर गरम होती का? दोन वर्षं मी एका उपाशी माणसासमोर उभा राहून त्याच्याच ताटातल्या भाजीला खारट म्हणत आलो होतो. मला इतकी लाज वाटली की मी सभेतून उठून लिंबामागे गेलो आणि मनसोक्त रडलो.

त्यामुळे पुढचं मी गफ्फारकडून ऐकलं. उकंडरावांनी लेखणी खाली ठेवली. मग पुंजाजीच बोलला, सबंध सभेत एकदाच: "उकंडरावजी, तुमच्या घरचा वार कोणता लिवला?"

त्यांच्या घरचा वार नव्हताच. ते गडबडून म्हणाले, "गुरुवार घ्या."

"ढगे, गुरुवार," पुंजाजी म्हणाला, आणि बाया हसत सुटल्या.

त्या दिवशीचा ठराव आजही मंडळाच्या पुस्तकात आहे, यू. व्ही. देशमुख यांच्या वळणदार अक्षरात: वार यापुढेही तोंडीच चालावेत, तोंड पुंजाजीचे राहील. ग्रँट त्या वर्षी आली नाही. तक्त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर अच्युतनं भूगोलाचा नकाशा काढला.

पुढच्या शनिवारी अन्नपूर्णाबाईंनी शेजारी शेजारी दोन पाट मांडले. पुंजाजी दारातूनच उपासाचं सांगू लागला, तर त्या म्हणाल्या, "मारुतीले मी काय ते सांगीन. बसा." तो बसला. वांगंच होतं. पहिला घास घेतल्यावर त्याचा हात जरासा थांबला, मला दिसलं. भाजी खरंच फार खारट होती.

माझ्याकडे न पाहता त्यानं विचारलं, "कशी झाली बे भाजी?"

"चांगली झाली," मी म्हणालो, आणि अजून मागून घेतली.