बधिर गळ्यावरचा काढा

घोडपदेवला आमच्या चाळीत कुशाबुवा कुठे राहतात असं विचारलंत तर शेंबडं पोरही दारापर्यंत आणून सोडेल. माझे सासरे. आधी मिलमध्ये होते, मिल बंद पडल्यावर वॉचमन, पण काय करता विचारलं की म्हणायचे, "मी भजनी." डबलबारीत, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्यात, समोरच्या बुवाने गाऊन प्रश्न टाकला की गाऊनच उत्तर द्यायचं. न देता उठला तो हरला. चाळीस वर्षांत बाबा एकदाही उठले नाहीत, आणि ते ऐकवायलाही कधी विसरले नाहीत!

यंदा लालबागला एका मंडळाच्या पूजेत रविवारी दुपारची बारी होती. सकाळीच त्यांचा घसा धरला. "मेघना, गळो दुखता गो. तुझ्या दुकानातली ती गोळी दी माका."

मी मेडिकलच्या काउंटरवर असते. गळा बधिर करणारी ती गोळी मी रोज विकते आणि आमच्या फार्मासिस्ट सीमा मॅडमनी शिकवलेलं रोज पोपटासारखं बोलते: चावू नका, चघळा. पाकिटावर लिहिलंय त्याहून जास्त नको. तोंड बधिर आहे तोवर खाऊ नका, गरम तर अजिबात पिऊ नका, भाजलं तरी कळत नाही. दोन दिवसांत उतार पडला नाही तर डॉक्टर गाठा. दहा गिऱ्हाइकांना सांगते. घरच्या माणसाला गोळी दिली आणि नुसतं म्हटलं, "चघळा हं."

का नाही सांगितलं? मध्यंतरात आईंचा, म्हणजे सासूबाईंचा, मिरी-आल्याचा काढा असतो. उकळता, थर्मासमधून. त्याशिवाय बुवाची दुसरी बारी उभी राहत नाही, हा आईंचा कायदा. तो गार करा म्हटलं असतं तर आईंकडून ऐकावं लागलं असतं, "कालची पोरगी माका शिकवता!" सणावाराला कोण तोंड वाजवणार, म्हणून मी गप्प बसले. मेली माझी अक्कल!

मध्यंतरात बाबांनी गोळी तोंडात टाकली. ती विरघळली आणि मीच थर्मासचं झाकण भरून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते घटाघटा संपवलं. वाफ मला दिसत होती. वर म्हणाले, "आज काढो कोमट कसो?" तेव्हाही मी बोलले नाही. मग दीड तास असे गायले की समोरच्या बुवाने उठून पाय धरले.

संध्याकाळी बधिरपणा उतरला आणि त्यांना थुंकीही गिळवेना. जीभ, टाळू, घसा, सगळीकडे फोड. त्यावर दीड तास ताणून गाणं. डॉक्टर म्हणाले, तीन महिने बोलायचं नाही. आवाज येईल, पण पहिल्यासारखा येईल असं सांगता येत नाही.

आई कपाळ बडवून घेत होत्या, "माझ्याच काढ्यान घात केलो!" त्यांनी मिरीचा डबा शेजारी देऊन टाकला. बाबा पाटीवर लिहून त्यांची समजूत काढत: मीच घाईत प्यायलो. आणि मी? मी पेज गार करून वाढत होते आणि चाळीतल्या बायकांकडून 'गुणाची सून' म्हणवून घेत होते. तीन आठवडे!

एका दुपारी आई देवळात गेल्या होत्या. मला राहवेना. बाबांसमोर बसले आणि सगळं ओकले. मला माहीत होतं, सगळ्यांना सांगते, तुम्हालाच नाही सांगितलं, आईंच्या तोंडी लागायला नको म्हणून.

त्यांनी रागवावं, पाटी फेकावी, असं मला वाटत होतं. त्यांनी पाटी मांडीवर घेतली. मग सावकाश लिहिलं आणि पाटी माझ्याकडे फिरवली.

"सांगितलं असतंस तर मी गार करून प्यायलो असतो गं."