थोरलीचा नवा बिल्ला

शर्टांच्या कारखान्यात नव्या बायकांना शिलाई शिकवण्यात थोरलीचं अर्धं आयुष्य गेलं. छातीवर 'ट्रेनर'चा बिल्ला मिरवायची. साहेबांनी एकदा तिला समजावलं होतं, की इंग्रजी शब्दाच्या शेपटाला 'अर' लागला की तो करणारा आणि 'ई' लागली की ज्याच्यावर ते केलं जातं तो. एम्प्लॉयर कामावर ठेवतो, एम्प्लॉयी ठेवला जातो. ट्रेनर शिकवतो, ट्रेनीला शिकवलं जातं. हे तिने घरी इतक्यांदा ऐकवलं, की शेवटी नवरा म्हणाला, "स्वयंपाकघरात मी जन्माचा 'ई'च."

धाकट्या जावेला कारखान्यात चिकटवलं तेही थोरलीनेच. मग कॉम्प्युटरवाली मशिनं आली. धाकटीने ती झटक्यात आत्मसात केली आणि वरून नियम आला, की नव्या मशिनवर जुन्यांनीही ट्रेनीचा बिल्ला लावूनच बसायचं. ज्यांना जमणार नाही, त्यांनी पॅकिंगला जायचं. ट्रेनर म्हणून नेमलं धाकटीला.

थोरलीचा नुसता जळफळाट झाला. धाकटीचा हळू आवाज, तिच्याभोवती जमणारा बायकांचा घोळका, सगळंच तिला सलू लागलं. पहिला कफ शिवून झाला की ट्रेनीने हात वर करायचा, ट्रेनरने तपासून खडूची खूण करायची, मगच पुढचं काम, अशी तिथली रीत. थोरलीने ती स्वतःच घालून दिली होती. पण हिच्यापुढे हात वर करायचा? तिने मान खाली घालून दुपारपर्यंत अख्खा गठ्ठा शिवून काढला. सगळे कफ उलटे. जुन्या मशिनवर कापडाची सुलटी बाजू वर ठेवायची, नव्यावर ती खाली लागायची.

धाकटीने गठ्ठ्यातला एक कफ उचलून उलटसुलट करून पाहिला.

"धाड पॅकिंगला," थोरली म्हणाली. "तुला हेच हवं होतं ना?"

"संध्याकाळपर्यंत वेळ आहे, जाऊबाई. उसवा."

"तू उसवून दे की. मी द्यायचे सगळ्यांना."

"द्यायचात. म्हणून तर मला कितीतरी दिवस उसवताच येत नव्हतं."

ही बया शिकवतेही आपल्यापेक्षा बरी, हेच थोरलीला सगळ्यात जास्त झोंबलं. तिने पहिला कफ उचलला, टाके काढू लागली, आणि धाकटीकडे न बघताच बाकावर शेजारी जागा होईल एवढी सरकून बसली.