माझ्या शेतातला सरवा

आमच्या ख्रिस्ती मंडळीत साक्ष द्यायला उभं राहायचं म्हटलं की माणसं आधी डोळे पुसून घेतात. मला ते जमत नाही. शिवाय माझ्या साक्षीत प्रभूची कृपा जेवढी आहे तेवढीच माझी लाजही आहे, म्हणून मी दोन वर्षं टाळत आले. पाळकसाहेब म्हणाले, बोलता येत नसेल तर लिहून द्या. मी चौथी शिकलेली बाई. लिहिते, पण सजवून लिहिता येणार नाही.

२०१७ सालच्या कापणीनंतर मला शेतात घोणस चावली. चावली तेव्हा मला भीती नंतर वाटली, आधी प्रभूचा राग आला. मी त्याचंच तर काम करत होते, मग त्याने मलाच का हे दाखवावं, असं मनात आलं. ते त्याचं काम नव्हतंच, हे कळायला मला दवाखान्याची खाट लागली. पण ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

वेवजी गावात रस्त्यापासून आत आमचा भाताचा लहानसा तुकडा आहे. नवरा होता तोवर तोच बघायचा. कापणी झाली, भारे खळ्यावर गेले, की शेतात जागोजागी लोंब्या पडलेल्या राहतात. त्याला सरवा म्हणतात. गोरगरीब बाया येऊन तो वेचतात. भारे उचलले की माझा नवरा शेताकडे वळूनसुद्धा बघत नसे. कोण आलं, किती नेलं, त्याला काही पडलेलं नसायचं. मी त्याला आळशी म्हणायचे. तो गेल्यावर, २०१४ सालापासून, शेत माझ्या हाती आलं आणि मी ते स्वच्छ केलं. स्वच्छ म्हणजे एक लोंबी राहू दिली नाही. सकाळी सूर्य पाठीशी घेऊन चालायचं, म्हणजे पडलेली लोंबी पिवळी चमकते. वाकायचं, उचलायचं, ओच्यात टाकायचं. तीन दिवस मी एकटीच वेचायचे.

तो सरवा मी घरी ठेवत नव्हते. हंगामाच्या सणाला मंडळीत प्रत्येक घरातून पहिलं पीक येतं. कोणी चिकू आणतं, कोणी भोपळा, कोणी कोंबडी. मी सरव्याची टोपली न्यायचे. बाकी भाताला मजुरांचे हात लागलेले असतात, हा एकेक दाणा मी माझ्या हातांनी वेचलेला, तेव्हा देवाला हाच द्यायचा, असा माझा हिशेब. पहिल्याच वर्षी पाळकसाहेबांनी टोपली वर धरून सगळ्यांना दाखवली. म्हणाले, या आजींकडून शिका. मी खाली मान घालून बसले, पण आत फुगले होते. दर वर्षी टोपली थोडी अजून भरलेली दिसावी असं वाटायला लागलं.

२०१६ सालच्या कापणीला शेजारच्या पाड्यावरची लाडकी मजुरीला होती. पस्तीस-चाळिशीची विधवा बाई, घरात ती आणि म्हातारी सासू. स्वतःची जमीन नाही. भारे गेल्यावर दुसऱ्या दिवशी ती बांधावर येऊन उभी राहिली.

"काकी, सरवा वेचू काय गं?"

"तुला रेशनचा तांदूळ मिळतो ना?"

"मिळतो. पन तो कणसरीला नाय चालत. तिला नवा दाणा लागतो. पसाभर झाला तरी बास."

कणसरी म्हणजे धान्याची देवी. आमच्याकडे वारली माणसं नवं धान्य आलं की आधी तिच्यापुढे ठेवतात. माझी सासूही ठेवायची, सासऱ्यांनी बाप्तिस्मा घेईपर्यंत. तेव्हा लाडकी काय म्हणते ते मला नीट कळत होतं. कळत होतं म्हणूनच जास्त राग आला.

"तुझ्या देवीला माझ्या शेतातला दाणा कशाला? आणि माझ्या देवाला काय उपाशी ठेवू?"

"तुझा देव उपाशी राहतो काय?" असं म्हणून ती हसली.

ते हसणं मला झोंबलं. झोंबलं की मी आवाज चढवते. मी तिला बांधावरून हाकललं.

त्याच महिन्यात हंगामाचा सण झाला. माझी टोपली पुढे वेदीजवळ होती आणि पाळकसाहेबांनी त्या दिवशी नेमका मोशेच्या नियमांतला धडा वाचला. त्यात असं आहे की पीक कापाल तेव्हा शेताचे कोपरे कापू नका, पडलेलं वेचायला मागे फिरू नका, ते गरिबाचं आणि परक्याचं आहे. मी तो धडा आधीही ऐकला होता. त्या दिवशीही ऐकला. माझ्या मनात आलं, हे मोठ्या लोकांसाठी आहे, डहाणूकडे ज्यांच्या चिकूच्या वाड्या आहेत त्यांच्यासाठी. माझ्या एवढ्याशा तुकड्याला कसले कोपरे? टोपली समोर, धडा कानात, आणि दोन्हींचा काही संबंध आहे हे मला दिसलं नाही. शाळा कमी झाली म्हणून नाही. बघायचं नव्हतं म्हणून.

पुढच्या वर्षी, म्हणजे २०१७ साली, लाडकी परत आली. या वेळी तिने विचारलं नाही, नुसती बांधावर उभी राहिली. मी लांबूनच ओरडले, "चालती हो. अजून माझं व्हायचंय." ती वळली आणि दिसेनाशी झाली.

मुलगा उंबरगावला कंपनीत कामाला गेलेला, सून खळ्यावर. दहा वाजले असतील. मी करवंदीच्या जाळीजवळच्या कोपऱ्यात आले. तिथे थोडा पेंढा पडला होता. डाव्या मुठीत लोंब्या होत्या, उजवा हात मी पेंढ्याखाली घातला. आधी शिट्टीसारखा आवाज आला, मग बोटाला आग. मी ती बघितली, जाडजूड, अंगावर साखळीसारखे ठिपके. आमच्याकडे लहान मुलालाही ओळखता येते. मी हाक मारली. खळं लांब, तिकडे झोडणीचा आवाज, कोणाला ऐकू जाणार? उठले, दोन पावलं टाकली आणि बसले. बोट तोवर काळंनिळं होऊन सुजायला लागलं होतं.

तेवढ्यात बांधाच्या पलीकडून लाडकी वर आली. ती गेलीच नव्हती. बांधाआड उकिडवी बसली होती.

"हात हलवू नको," म्हणाली. तिने माझाच पदर घेऊन उजवा हात छातीशी बांधला. मी चालायला उठले तर खांदा दाबून खाली बसवलं. मग पाठ केली आणि म्हणाली, "चढ."

"तू मला नेणार? पडशील."

"तुझं वजन नाय काकी. तुझी जीभच तेवढी जड."

तिने मला पाठुंगळी घेतलं आणि रस्त्यापर्यंत नेलं. वाटेत पाड्यावरचा एक म्हातारा भेटला. तो म्हणाला, आधी विष उतरवणाऱ्या भगताकडे ने. लाडकी थांबली नाही. चालता चालताच म्हणाली, "माझ्या नवऱ्याला नेला होता. दुपारपर्यंत तिथंच बसलो. मग दवाखान्यात न्यायला कोण उरलंच नाय." तिचा नवरा सापाने गेला हे मला त्या दिवशी कळलं. एवढी वर्षं ती माझ्या शेतात कापणीला येत होती, मी कधी विचारलं नव्हतं.

रस्त्यावर गवताचा टेम्पो येत होता. ती मला घेऊन मधोमध उभी राहिली, तेव्हा त्याला थांबावंच लागलं. ड्रायव्हर गुजराती. "डोशीने शुं थयुं?" म्हातारीला काय झालं, एवढंच विचारलं. "साप," म्हटल्यावर त्याने पुढचं दार उघडलं. टेम्पोत मला उलटी झाली, हिरड्यांतून रक्त यायला लागलं. प्रार्थना करावी म्हटलं तर एक शब्द आठवेना. स्तोत्रं, आज्ञा, वर्षानुवर्षं पाठ केलेलं सगळं गेलं. फक्त लाडकीचा गुडघा डोक्याखाली लागत होता, तो आठवतो.

दवाखान्यात इंजेक्शनं सुरू झाली. नर्सने विचारलं, या मुठीत काय आहे? माझी डावी मूठ तोवर मिटलेलीच होती. तिने एकेक बोट उघडलं तर आत लोंब्या, चुरगळलेल्या. नर्सने त्या लाडकीपुढे धरल्या. लाडकीने हात मागे घेतला.

"माझ्या नाय. तिच्याच हाईत."

ज्या दाण्यासाठी ती दोन वर्षं माझ्या बांधावर उभी राहिली, तो तिच्यासमोर आला आणि तिने घेतला नाही. सून आली तेव्हा लाडकीने खाटेवर ठेवलेल्या त्या लोंब्या सुनेच्या हातात मोजून द्याव्यात तशा दिल्या आणि पायी घरी गेली. मी हे माझ्या डोळ्यांनी बघितलं.

मी नऊ दिवस खाटेवर होते. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर काही सांगता आलं नसतं. लोक भेटायला येत आणि म्हणत, प्रभूने वाचवलं. मी हो म्हणायचे. पण पडल्या पडल्या डोक्यात दुसरंच चालू होतं. लाडकीने माझं ऐकलं असतं तर मी मेले असते. मी ओरडले तेव्हा ती खरोखर निघून गेली असती, तर त्या कोपऱ्यात मला संध्याकाळी सुनेने बघितलं असतं. मी जे मना केलं होतं, ते तिने केलं, म्हणून मी आज लिहिते आहे. आणि तो सरवा वेचायचा तिचा हक्क शास्त्रात लिहिलेला होता. माझी टोपली मला आठवली. तीन वर्षं मी देवापुढे जे नेऊन ठेवलं, ते माझं नव्हतंच. गरिबाचं उचलून देवाला दिलं आणि वरून शाबासकी घेतली. खाटेवर तोंड भिंतीकडे करून मी एवढंच म्हटलं, प्रभू, माझं चुकलं. त्या दिवशी मला प्रार्थना आठवली.

घरी आल्यावर मी लगेच भरपाई करायला निघाले. स्वभाव जात नाही. खळ्यावरचं चांगलं भात पाटीत भरलं, सुनेच्या डोक्यावर दिलं आणि लाडकीच्या दारात गेले.

ती कोंबड्यांना हाकत होती. पाटीकडे बघून म्हणाली, "हे काय?"

"तुझ्या कणसरीला. आणि तुम्हा दोघींना खायला."

"नको."

"का नको? घे ना. मी मनापासून देतेय."

"तू दिलंस म्हंजे तुझं झालं ना काकी. मंग येता-जाता तू माझ्याकडं बघणार, मी तुझ्याकडं. शेतात पडलेला दाणा कोनाचा नाय. तो उचलला तर कोनापुढं वाकाय लागत नाय."

"वेचताना वाकावंच लागतं," मी म्हटलं.

"जमिनीपुढं वाकते. तुझ्यापुढं नाय."

सून तोंडाला पदर लावून हसली. आम्ही पाटी परत आणली. जाता जाता मी म्हटलं, पुढच्या वर्षी ये. तर म्हणते, "बघू. तू बांधावर पहारा करनार नायस ना?"

त्या एका बोलण्याने मला तो नियम कळला, जो इतकी वर्षं ऐकून कळला नव्हता. देवाने असं सांगितलं नाही की सगळं गोळा कर आणि मग गरिबाला वाट. त्याने सांगितलं, गोळाच करू नको. मागे फिरू नको. म्हणजे घेणाऱ्याला देणाऱ्याचं तोंड बघायला नको आणि देणाऱ्याला आपली टोपली वर धरायला नको. देणं मला जमत होतं. सोडून देणं जमत नव्हतं.

एक अडचण मनात होती, ती मी पाळकसाहेबांपुढे ठेवली. म्हटलं, तो दाणा तिच्या देवीपुढे जाणार, मग मला दोष लागेल का? त्यांनी तोच धडा पुन्हा काढून वाचला. मग म्हणाले, "आजी, परक्यासाठी ठेवा एवढंच लिहिलंय. परक्याने त्याचं काय करावं ते तुम्हाला लिहिलेलं नाही." मला हे पुरलं.

२०१८ साली कापणी झाली तेव्हा करवंदीजवळचा कोपरा मी उभाच ठेवायला सांगितला. मुलगा म्हणाला, "आई, साप चावला हाताला, डोक्याला कसं काय झालं?" पण ठेवला. भारे खळ्यावर गेल्यावर मी शेताकडे पाठ करून ओट्यावर बसले. सोपं नव्हतं. पहिल्या दिवशी तीनदा उठले. लोंब्या पडल्यात, पाखरं खातील, उंदीर नेतील, हेच डोक्यात. माझ्या उजव्या हाताचं ते बोट आता वाकत नाही, चिमटीत लोंबी येत नाही, तरी मन जाऊन वेचायचंच. तिसऱ्या दिवशी कुठे ते थकलं. मी बघायला गेले नाही. कोण आलं, किती नेलं, मला माहीत नाही. नवऱ्याला मी आळशी म्हणायचे, ते शब्द मी त्या ओट्यावर बसून परत घेतले. त्याला अक्षरओळख नव्हती. मी त्याला शास्त्र वाचून दाखवायचे.

आता सणाला मी सगळ्यांसारखंच खळ्यावरचं सूपभर भात नेते. ते कोणी वर धरून दाखवत नाही.

या वर्षीच्या सणाला मंडळीच्या देवळात निघाले तेव्हा वाटेत लाडकीचं घर लागलं. दार उघडं होतं. आत एका टोपलीत नवं भात होतं, त्यावर हळद-कुंकू आणि झेंडूचं फूल. ती बाहेर भांडी घासत होती.

"कुठं काकी?"

"देवळात."

"ये जाऊन," म्हणाली आणि भांडं घासायला लागली.

ते भात माझ्या कोपऱ्यातलं की दुसऱ्या कोणाच्या शेतातलं, हे विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं. मी ती जड जीभ दाताखाली धरली आणि पुढे चालू लागले. प्रभूने मला विषातून वाचवलं, त्याचे उपकार आहेतच. पण एवढं न विचारता पुढे जाता आलं, त्यासाठी मी त्या दिवशी देवळात बसून जास्त वेळ उपकार मानले.