शेवटच्या पानावरची गोधडी

आमच्या साडूंनी उभ्या आयुष्यात कोणतीही चांगली गोष्ट कोणाला आधी दाखवली नाही. उल्हासनगरात कॅम्प दोनला एका साडीच्या दुकानात त्यांची सगळी हयात साड्या दाखवणारा नोकर म्हणून गादीवर गेली. आधी गिऱ्हाईक नाकारील अशी साडी उलगडायची, मग जरा बरी, मग पाणी विचारायचं, आणि मंडळी कंटाळून चपला शोधायला लागली की "भाभी, एक मिनिट बैठो तो सही" म्हणत खालच्या फळीवरचा खरा माल काढायचा. हा रिवाज त्यांच्या अंगात इतका मुरला की निवृत्त होऊन बदलापूरला राहायला गेले तरी सुटला नाही. त्यांच्या घरी पाहुण्यांपुढे आधी खारीचा चुरा येतो. बेसनाचा लाडू मिळतो तो दारात, एक पाय चपलेत असताना. डॉक्टरांना त्यांनी आधी पायाचं कुरूप दाखवलं, मग गुडघा, आणि निघता निघता म्हणाले, "जरा छातीतपण दुखतंय." डॉक्टरांनी त्यांना हाताला धरून पुन्हा आडवं केलं.

त्यांची बायको म्हणजे माझी थोरली मेहुणी, अक्का. ती जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवते. कपाट भरलं, पलंगाखालची जागा भरली, तेव्हा ती विकायची म्हणाली, आणि साडूंनी वेबसाइट काढली. करून घेतली ओळखीच्या लग्नपत्रिका छापणाऱ्याकडून. त्यामुळे ती उघडली की लाल-सोनेरी झालर, कोपऱ्यात लिंबू-मिरची आणि मागे सनई. पहिल्याच पानावर जुन्या पँटींची एक मातकट गोधडी. दुसऱ्यावर तिच्याहून बरी. तिसऱ्या पानावर गोधडीच नव्हती, पाण्यानं भरलेल्या ग्लासचा फोटो होता.

"हे काय?" मी विचारलं.

"गिऱ्हाईक दमलं असेल ना, साहेब." मी अंबरनाथच्या कारखान्यात अधिकारी होतो, म्हणून ते मला कायम साहेबच म्हणत आले.

"अहो, इथे गिऱ्हाईक बसत नाही. अंगठ्यानं सरकवतं आणि जातं."

"पाणी न पिता?" त्यांना खरंच वाईट वाटलं होतं.

महिने गेले, एकही गोधडी गेली नाही. अक्का खचली. "दिवाळीपर्यंत एखादी तरी जाऊ दे," ती मला म्हणाली, "नाहीतर मी सुई ठेवून देते. कोणाला नकोच असेल तर डोळे कशाला फोडायचे?" अक्कानं सुई ठेवली तर तिच्याकडे करायला दुसरं काही उरणार नव्हतं, हे आम्हा सगळ्यांनाच ठाऊक होतं.

मग मी पुढे झालो. अंबरनाथ पूर्वेला राहणारी, वेबसाइटचं काम करणारी एक हुशार मुलगी गाठली. तिनं झालर उतरवली, सनई बंद केली, ग्लास काढला. पांढऱ्या भिंतीपुढे, सकाळच्या उन्हात नवे फोटो घेतले. साडूंच्या मांडणीत अगदी शेवटच्या पानावर एक गोधडी होती, गर्द जांभळी, हिरव्या काठाची. मी म्हटलं, हीच पहिली.

"ती मागेच राहू दे, साहेब," साडू म्हणाले.

"का?"

"मागे बरी दिसते."

"घ्या हो पुढे," अक्का म्हणाली. "पेटीत पडून कसर लागेल तिला. यांची दुकानातली खोड जायची नाही." आम्ही सगळे हसलो.

चौथ्या दिवशी सकाळी तीच गोधडी पहिली गेली. अक्काच्या चेहऱ्यावर तेज आलं. मागोमाग दुसरी मागणी आली, तिसरी आली. जांभळीची घडी मात्र साडूंनी कोणाला घालू दिली नाही. दुपारभर घालत होते. कुरिअरवाल्याकडे आम्ही दोघं रिक्षानं गेलो. पुडकं मांडीवर घेऊन ते बसले होते.

"दुकानात असं असायचं, साहेब. एखादी वस्तू विकवत नाही, पण शेठला नाही म्हणता येत नाही. मग ती सगळ्यात मागे ठेवायची. तिथवर पोचायच्या आत गिऱ्हाईक उठतं." मग पुडक्याची दोरी नीट करत म्हणाले, "या गोधडीची साडी आमच्याच दुकानातली. तुमची अक्का तिच्या आईबरोबर आली होती, तेव्हा ओळखपाळख काही नव्हती. मी उठलो आणि सगळ्यात आधी हीच काढून दाखवली. शेठनं सगळ्यांदेखत झापलं. जन्मात तेवढी एकदाच चूक केली."

"मग घरात बोलला का नाहीत?"

"तिला पहिली विक्री हवी होती ना."

मी रिक्षा वळवायला सांगू शकलो असतो. सांगितलं नाही. अक्काचा सकाळचा चेहरा डोळ्यांपुढे होता.

साडूंना वेबसाइटमधलं काही कळत नव्हतं, ही गोष्ट नातेवाइकांत मीच पसरवली, पाण्याच्या ग्लासासकट. पुष्कळ लग्नांत त्यावर हशा मिळवला. आता माझंही वय झालं, म्हणून लिहून ठेवतो: त्यांना सगळं कळत होतं.

अक्का अजून शिवते. साइट छान चालते. शेवटच्या पानावर मी पुन्हा ठेवायला लावलेला जांभळ्या गोधडीचा फोटो आहे, खाली "शिल्लक नाही". विकलेला माल ठेवला की मांडणी बिघडते, असं ती मुलगी दर वेळी सांगते. बरोबरच आहे तिचं. पण साडू रोज दुपारी चहा घेताना एकेक पान सरकवत तिथवर जातात, घाई न करता. मी तिला म्हणतो, असू दे, मागे बरी दिसते.