पोचल्याचा मिस्ड कॉल

लोकांना सुरक्षित ठेवण्याचा मला पगार मिळतो असं सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, हिच्या टेबलाच्या खणात पिस्तूल असणार. माझ्या खणात डोकेदुखीच्या गोळ्या असतात. टेबलावर एक ड्युटी फोन, समोरच्या भिंतीवर एक स्क्रीन, आणि जिल्हाभर पांगलेली अशी माणसं, ज्यांनी माझं ऐकायचं नाही असं आपसात ठरवून घेतलं असावं.

आधी मी शेंद्र्याच्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होते. तिथं जमिनीवर पिवळी रेघ मारलेली असते. रेघेच्या आत हेल्मेट, रेघेबाहेर तुम्ही आणि तुमचं नशीब. मग बाळंतिणी आणि लहान मुलांच्या पोषणाचं काम करणाऱ्या एका परदेशी संस्थेने आमच्या शहरात ऑफिस उघडलं आणि त्यांना कर्मचाऱ्यांच्या सुरक्षेसाठी माणूस हवा होता. 'आंतरराष्ट्रीय' या शब्दाला मी भुलले, खोटं कशाला बोलू. आल्यावर कळलं की आता अख्खा जिल्हाच माझा कारखाना आहे आणि पिवळी रेघ कुठेच नाही.

मुख्यालयाकडून सुरक्षेचं जाडजूड पुस्तक आलं. ते लढाईच्या मुलखासाठी लिहिलेलं. गोळीबार सुरू झाला तर कसं पालथं पडायचं, अपहरण करणाऱ्याशी कोणत्या सुरात बोलायचं. वर एक ऑनलाइन परीक्षा, सगळ्यांना सक्तीची. आमच्यातल्या एकाने सगळ्यांच्या वतीने बटणं दाबली आणि अख्खं ऑफिस अपहरणात पैकीच्या पैकी मार्क घेऊन पास झालं. आमच्याकडचे धोके मात्र त्या पुस्तकात नव्हते. मागे लाल दिवा नसलेली उसाची ट्रॉली नव्हती, कठडे नसलेला फरशी पूल नव्हता, आणि जेवल्याशिवाय सोडणार नाही म्हणून गाडीची चावी खिशात घालणारा सरपंच तर नव्हताच. 'पाहुणचारामुळे उशीर' असा रकाना मी मुख्यालयाकडे मागितला होता. उत्तर अजून यायचंय.

पण सगळ्यात जास्त डोकं फिरवलं ते मिस्ड कॉलने.

नियम सोपा होता. गावात पोचल्यावर आणि गावातून निघून डांबरी रस्त्याला लागल्यावर ड्युटी फोनवर फोन करायचा, बोलायचं आणि ठेवायचं. आमची माणसं एक रिंग द्यायची आणि तोडायची. आपल्याकडे ही रीतच आहे. पूर्वी बोलायला पैसे पडायचे तेव्हा लागलेली सवय, आता बोलणं फुकटासारखं झालं तरी सुटत नाही. मुलगी सासरी पोचली, रिंग. नवरा कंपनीच्या गेटवर पोचला, रिंग. मी ओरडून ओरडून थकले.

"मॅडम, कायको टेन्शन लेते," आमच्या सर्वांत जुन्या ड्रायव्हरचं म्हणणं. त्यांना सगळे चाचा म्हणतात, मीही म्हणते. "पोचलो म्हणून तर रिंग दिली. न पोचता कोण देतो?"

"बोललात तर काय बिघडेल चाचा?"

"बोलायचं काय? पोचलो तर पोचलो."

पुढे जे झालं त्याने मी हातच टेकले. आमच्या परदेशी प्रमुख, त्यांना आम्ही नुसतं मॅडम म्हणतो, एका प्रशिक्षणात रंगीत कार्डं वाटत होत्या. त्यांनी विचारलं, तुम्ही सुखरूप पोचलात हे घरच्यांना कसं कळवता? सगळ्या हॉलने एका सुरात सांगितलं, मिस कॉल. मॅडम हरखल्या. लोकांचीच पद्धत, लोकांनीच शोधलेली, मग आपण वेगळं कशाला लादायचं? त्यांनी मुख्यालयाला कळवलं, मुख्यालयाने कौतुक केलं आणि संगणकवाल्यांनी व्यवस्था करून दिली. कर्मचाऱ्याच्या नंबरवरून एक रिंग आली की भिंतीवरच्या स्क्रीनवर त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका. ठिपका हिरवा म्हणजे माणूस सुखरूप.

मी त्या बैठकीत म्हटलं, रिंग मुद्दाम तोडली की आपोआप तुटली, हे फोनला कसं कळणार? मॅडम हसून म्हणाल्या की तुम्ही फार कारखान्यातल्या पद्धतीने विचार करता. त्या दिवशी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पण पगार त्याच देतात.

आमच्याकडे एक नर्स होती. लग्नाआधी शिकलेली, लग्नानंतर फुलंब्रीला सासरी घरात बसलेली. घर शेतीवाडीचं, खाऊन-पिऊन सुखी. तिच्या पगारावाचून तिथं कुणाचं काही अडत नव्हतं, आणि म्हणूनच ती नोकरी एका माणसाच्या मर्जीवर उभी होती. रुजू व्हायच्या दिवशी सासरे बरोबर आले. गाड्या बघितल्या, टायरसुद्धा दाबून बघितले. मग माझ्यासमोर बसले.

"आमाला पैशाची गरज नाय. पोरगी शिकलेली हाये, घरी बसून कुढती, म्हनून पाठवतो. पन जिवाला घोर लागला की बंद. जबाबदारी कुनाची?"

"माझी," मी म्हटलं.

ती कामाला वाघीण होती. बाया तिला दारातूनच हाका मारत. गावातल्या ज्या सासवा कुणाला सुनेच्या खोलीत पाऊल टाकू देत नसत, त्या हिला चहा करून द्यायच्या. तिला मी एकदा रिंगवरून रागावले तर म्हणाली, "मॅडम, मी सासऱ्याला फोन करून काय बोलू? एक रिंग देली की त्यायला कळतं, सून पोचली. मलाबी बरं, त्यायलाबी बरं." दिवसभरात जिथं जाईल तिथून तिची फुलंब्रीला एक रिंग जायची. त्या रिंगांच्या जोरावर तिची नोकरी चालली होती.

पावसाळा उतरणीला लागला होता तेव्हाची गोष्ट. चाचा आणि ती देवगाव रंगारीच्या पलीकडच्या एका वस्तीवर जायला निघाले होते. दुपारनंतर तिकडे पावसाने झोडपायला सुरुवात केली, नाले भरल्याचे व्हिडिओ लोकांच्या फोनवर फिरायला लागले. मी फोन हातात घेऊन बसले होते. चाचांच्या नंबरवरून एक रिंग आली आणि तुटली. भिंतीवर ठिपका हिरवा झाला.

मी लगेच उलटा फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. नर्सला लावला. तेच. पुन्हा, पुन्हा. मी मॅडमच्या केबिनमध्ये गेले, तर त्यांनी स्क्रीनकडे बोट दाखवलं. "ते पोचलेत. हिरवं आहे."

"कुठे पोचलेत?" मी विचारलं. ठिपक्याला ते माहीत नव्हतं.

बराच वेळ गेला. पुस्तकात अशा वेळी काय करायचं ते स्पष्ट आहे: संपर्क तुटला तर आधी घरच्यांना विचारा, त्यांना काही कळलंय का. मी चाचांच्या घरी फोन केला. त्यांच्या बायकोने विचारलं, "मिस कॉल आया ना? तो आ जाते बाई. रोटी खाये क्या तुमने?" तिला काळजी शिवली नव्हती.

राहिली फुलंब्री. तो नंबर समोर ठेवून मी बसले. हा फोन केला तर काय होईल ते मला ठाऊक होतं. न करता पोरगी वाहून गेली असली तर काय, तेही ठाऊक होतं. आणि कदाचित तिने त्यांना कुठून तरी रिंग दिली असेल, वेळ कळेल, जागेचा अंदाज येईल. मी फोन लावला.

"तुमच्या सुनेचा इतक्यात काही फोन आला होता का?"

"म्हंजी? ती तुमच्याजवळ नाय?"

"तिकडं पाऊस आहे. संपर्क होत नाहीये. मी निघतेय."

"सकाळपासून एकच रिंग हाये," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मी दुसरी गाडी काढली. अशा हवेत गाडी बाहेर काढायची नाही हा नियम मीच लिहिलेला. दौलताबादच्या घाटात ट्रॅफिक तुंबलेलं, पुढे पावसात काचेतून काही दिसेना, आणि माझा जीव टांगणीला लागलेला. मनातल्या मनात मी चाचांना, मॅडमना, मुख्यालयाला, सगळ्यांना शिव्या घालत होते. त्या छापता येणार नाहीत.

देवगाव मागे टाकून पुढे गेले तर एका फरशी पुलाच्या अलीकडे आमची गाडी उभी. पुलावरून लाल पाणी धडाधड चाललेलं. बाजूच्या पत्र्याच्या हॉटेलात चाचा चहा पीत बसलेले आणि हॉटेलवाल्याच्या घरात आमची नर्स त्याच्या गरोदर सुनेचं ब्लडप्रेशर बघत होती. शेजारच्या चार बाया रांगेत. त्या दोघांनी सगळं नीट केलं होतं. पाणी बघितलं, ते उतरेपर्यंत थांबले, गाडी उंचावर लावली. शंभर टक्के नियमाप्रमाणे, पुस्तक न वाचता.

जिवात जीव आला तसा माझा तोल गेला. मी चाचांवर तोंडसुख घेतलं. रिंग कशाला दिलीत, बोलला का नाहीत, किती वेळा सांगायचं.

चाचांनी कप खाली ठेवला. "मॅडम, अल्ला कसम, आज बोलायलाच फोन लावला होता. पाणी आलंय, थांबलोय, हे सांगायला. एक रिंग गेली आणि टॉवर गया." ते माझ्याकडे बघत राहिले. "इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलणार होतो."

तेवढ्यात नर्स बाहेर आली. माझ्या चेहऱ्याकडे बघून तिने एकच विचारलं, "घरी फोन केला का?"

"केला."

ती बाकड्यावर बसली. गळ्यातला स्टेथोस्कोप काढून हळूहळू गुंडाळत राहिली. "मला पाण्याचं भ्या नव्हतं मॅडम," ती म्हणाली.

वस्तीवर जाणं रद्द केलं; परतायला पाणी उतरण्याची वाट बघायची गरज नव्हती, आम्ही अलीकडेच होतो. शहरात ऑफिसला पोचलो तेव्हा सासरे गेटपाशी उभे होते. फुलंब्रीहून मोटरसायकलवर आलेले, अंगावरचे कपडे भिजून चिकटलेले. सुनेला त्यांनी वरपासून खालपर्यंत एकदा बघितलं. मग माझ्याकडे वळले.

"जबाबदारी तुमची म्हनलं व्हतं तुमी."

"म्हणूनच तर फोन केला."

"व्हय," ते म्हणाले. "बरं केलं. दुसऱ्या कुनी केला नसता. पन माजं वय बघा. रस्त्यानं येताना मी दोनदा गाडी थांबवून खाली बसलो." आवाज चढला नव्हता. "उद्यापासून ती नाय यायची."

मी समजावलं. ती सुरक्षित होती, तिने सगळं बरोबर केलं, असं परोपरीने सांगितलं. तोंडाची वाफ फुकट गेली. ते मान हलवत होते, सगळं पटत होतं, आणि निर्णय जागचा हलत नव्हता.

मॅडमनी बैठक घेतली. ठिपका बंद झाला. आता बोललंच पाहिजे असा नियम झाला, माझाच, पण मुख्यालयाच्या पत्रात तो मुख्यालयाचा झाला होता. कुणालाही इजा नाही म्हणून सगळ्यांचं अभिनंदन केलं गेलं. मी म्हटलं, आपली सगळ्यात चांगली नर्स गेली. मॅडमना वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण इजेच्या व्याख्येत ते बसत नाही, असं त्या म्हणाल्या. मला त्या दिवशी सगळ्यांचाच राग आला होता. सासऱ्यांचाही, आणि त्यांचा राग धड करताही येत नव्हता म्हणून जास्तच.

ओळखपत्र आणि बॅग द्यायला ती आली. चहा घेतला. जाताना म्हणाली, "तुमचं चुकलं नाय मॅडम. पन पुढच्या पोरीच्या घरी फोन करायच्या आधी जरा दम धरा."

"नाही धरणार," मी म्हटलं. "तू वाहून गेली असतीस तर?"

"असे फोन गेले तर पोरी मिळायच्या नाईत तुमाला," म्हणाली आणि गेली.

तिच्या जागी माणूस शोधायला वेळ लागला. शेवटी एक मिळाली, शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात काम केलेली, चटपटीत, प्रश्नाला प्रश्न न विचारता उत्तर देणारी. तातडीला कळवायचा नंबर म्हणून तिने भावाचा नंबर दिला. आता नंबर आधी तपासून घ्यायचा असा नवा नियम होता, म्हणून मी तिच्यासमोरच तो लावला.

रिंग तिच्याच पर्समध्ये वाजायला लागली.

तिने पर्सकडे बघितलं, मग माझ्याकडे. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "उचलू का, मॅडम?"

"घरी काय सांगितलंयस?"

"दवाखान्यातच हाये म्हनून."

"आणि तुला काही झालं तर मी कुणाला कळवू?"

"काई झालं तर मीच तुमाला सांगीन ना."

"सांगायच्या स्थितीत नसलीस तर?"

तिने क्षणभर विचार केला, अगदी मनापासून. "मंग घाई कशाची हाये, मॅडम?"

फोन वाजतच होता. मी तो बंद केला आणि कधीपासून येतेस, असं तिला विचारलं.