बेलभंडार हातात असेपर्यंत

ज्येष्ठातल्या एका मंगळवारी, उन्हे कलायच्या आधी, कसब्यातल्या एका देवळाच्या ओवरीत आमच्या जातीची सभा बसली आणि तिने मला वाळीत टाकले. आरोप एकच होता. मुठेकाठच्या तकियात, म्हणजे फकिरांच्या मठीत, राहणाऱ्या एका मुसलमान फकिराकडून मी उपदेश घेतला. आरोप खरा होता.

मी बातमीनवीस आहे. उत्तरेतल्या एका सरदाराच्या वकिलाची पुण्यात कचेरी आहे. शहरात काय घडले, दरबारात कोण आले, कोण रुसून गेले, ते रोज लिहून धन्याकडे पाठवणे हे माझे काम. ज्या वृद्ध कारकुनाच्या हाताखाली मी हे शिकलो, त्यांचे नियम दोन होते. पाहिलेले, ऐकलेले आणि अफवा यांची सरमिसळ करायची नाही. आणि बातमीत ‘मी’ हा शब्द येऊ द्यायचा नाही. दुसरा नियम आज मोडतो आहे, कारण हे दुसऱ्या कोणाला लिहिता येणार नाही. पहिला पाळला आहे.

फकिराकडे मी प्रथम गेलो तो एका फारसी शब्दासाठी. निजामाच्या भागानगरहून आलेल्या एका अखबारात एक वचन होते, त्याचा अर्थ कचेरीत कोणाला लागेना. तकियातला म्हातारा फारसी जाणतो असे कळले. तो चिंचेखाली बसून पोहऱ्याचे दोर वळत होता. कसब्यातल्या बहुतेक हौदांवर त्याचेच दोर असतात. हातातला काथ्या खाली न ठेवता त्याने अर्थ सांगितला: खिलवत दर अंजुमन, म्हणजे गर्दीत एकांत. माणसाने बाजारात बसावे, काम करावे, बोलावे, आणि आत मात्र एका नावाखेरीज कोणाला शिरू देऊ नये. असे करता येते का, असे मी विचारले. तो म्हणाला, दोर वळताना करता येते, लिहिताना का येऊ नये. माझे काम काय ते त्याने विचारून घेतले आणि ‘मी’ न लिहिण्याचा नियम ऐकून हसला. “मग अर्धं काम तुझ्या गुरूनं करून ठेवलंय,” तो म्हणाला. “बातमीत ‘मी’ येऊ देत नाहीस, तसा आतही येऊ देऊ नकोस.”

त्यानंतर दर गुरुवारी जाऊ लागलो. त्याने शिकवले ते दिसायला फार थोडे होते. श्वास आत जाताना आणि बाहेर येताना भान सुटू द्यायचे नाही. चालताना नजर आपल्या पावलावर ठेवायची, म्हणजे मन दुकानादुकानांत शिरत नाही. नाव घ्यायचे ते ओठ न हलवता. कोणते नाव, हे त्याने सांगितले नाही. तुझ्या आईने देवघरात जे घेतले तेच घे, म्हणाला. गंडा नाही, ताईत नाही, माळ नाही. तिथे मी कधी जेवलोही नाही. बाहेरून पाहणाऱ्याला काही सापडले नसते. खरे सांगायचे तर आतून पाहणाऱ्यालाही काही सापडत नव्हते. पावसाळे गेले, हिवाळे गेले. श्वासाकडे लक्ष ठेवून बसलो की डोक्यात फक्त दिवसभराच्या बातम्या ओळीने उभ्या राहत. हे सगळे व्यर्थ आहे, असे मी त्याला एकदा स्पष्ट म्हटले. तो म्हणाला, “दोर वळताना दोर दिसत नाही, काथ्या दिसतो.” मला ते उत्तर टाळाटाळीचे वाटले. तरी गेलो.

कसब्यातले लोक तकियात जात नाहीत असे नाही. मूल होत नाही, ताप उतरत नाही, खटला लागला, की चिंचेला धागा बांधायला आमच्यातले पुष्कळ जण जातात. ताबूत निघाले की बायका त्यांच्यापुढे पाणी ओततात. त्याला कोणी बाटणे म्हणत नाही. मागायला गेलेले चालते, शिकायला गेलेले चालत नाही, असा आमच्याकडचा न लिहिलेला कायदा आहे. माझा गुन्हा मी काही मागितले नाही हा होता.

सभेचे प्रमुख वयोवृद्ध गृहस्थ आहेत. त्यांना सगळे आप्पा म्हणतात. ते दुष्ट नाहीत. सभेच्या आदल्या दिवशी ते स्वतः माझ्या घरी आले आणि सुटकेची वाट सांगून गेले. बेलाचे पान आणि भंडारा ओंजळीत घेऊन म्हणायचे, की मुलीच्या बाळंतपणासाठी नवस बोलायला जात होतो, उपदेश घेतला नाही. एवढ्यावर सभा उठेल. माझी मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, दिवस भरत आले होते. वाळीत पडलेल्या घराला हौदावर पाणी भरता येत नाही. श्रीमंत पेशव्यांनी कात्रजहून आणलेले पाणी आमच्या हौदात पडते आणि उन्हाळ्यात आसपास दुसरे चांगले पाणी नाही. आप्पांनी हे सगळे बोलून दाखवले नाही. आतल्या खोलीकडे एकदा पाहिले आणि निघाले.

त्या संध्याकाळी तकियात जाऊन फकिराला सांगितले. तो धीर देईल अशी अपेक्षा होती. तो म्हणाला, इथे यायची गरज आता नाही, शिकायचे ते शिकून झाले. उद्यापासून आला नाहीस तरी माझे काही अडत नाही. मग म्हणाला, “पण केलेलं केलं नाही म्हणू नकोस. माझं काही जाणार नाही. तुझा श्वास अडकेल.”

पत्नीने रात्रीचे जेवण वाढताना विचारले, काय ठरवलेत. अजून ठरत नाही म्हटले. ती म्हणाली, “ज्या दोराने सगळ्या पेठेचं पाणी वर येतं तो त्यानंच वळलेला. दोर बाटत नाही, तुम्ही तेवढे बाटता.” ती माझ्या बाजूने बोलत होती की विरुद्ध, हे मला तेव्हा कळले नाही.

आमच्या सभेचा एक जुना रिवाज आहे. बेलभंडार ज्याच्या ओंजळीत आहे, त्याचे बोलणे पुरे होऊन तो खाली ठेवीपर्यंत मध्ये कोणी बोलायचे नाही, उठायचेही नाही. मध्येच कोणी बोलल्याने शपथ अपुरी राहिली, अशी पळवाट शपथ मोडणाऱ्याला पुढे राहू नये म्हणून हा रिवाज पडला असावा. मंगळवारी माझ्या ओंजळीत बेलभंडार दिला तेव्हा तो आप्पांनी सांगून ठेवलेले वाक्य बोलण्यासाठी दिला होता. मी म्हणालो, “तकियात मी नवसाला गेलो नाही. काही मागितलं नाही. शिकायला गेलो. श्वासाकडे लक्ष ठेवायला शिकलो. ते अजून नीट येत नाही, म्हणून पुढेही जाणार.”

कोणी ओरडू शकले नाही. पान माझ्या हातात होते. आता ते खाली ठेवायचे एवढेच राहिले होते आणि मी ठेवले नाही. ठेवायचे नाही असे ठरवले होते, असेही म्हणता येत नाही. समोर सगळी जात बसली होती. त्यांतले काही माझ्या पंक्तीला जेवलेले, काहींनी मला मांडीवर घेतलेले. डोळ्यांत राग होता. मी सवयीने श्वासाकडे गेलो, आणि इतकी वर्षे जे मी पकडून ठेवायला धडपडत होतो ते या वेळी मला न विचारता चालू होते. नाव आपले आपण येत होते, जात होते. बातम्या उभ्या राहिल्या नाहीत. ओवरीत कबुतरे होती, बाहेर कोणाची बैलगाडी गेली, हे सगळे ऐकू येत होते आणि आत कोणी नव्हते. मीही नव्हतो. खांबाची सावली सरकून आप्पांच्या गुडघ्यावर आली. सगळी सभा, रिवाजाने बांधलेली, माझ्याबरोबर गप्प बसली होती. त्यांनी त्या वेळात काय केले ते मला माहीत नाही. आप्पांचे डोळे मिटलेले होते, एवढे पाहिले.

ही गोष्ट पाहिलेल्यात बसत नाही, ऐकलेल्यात बसत नाही आणि अफवाही नाही. माझ्या धंद्यात तिला जागा नाही. म्हणून जशी झाली तशी लिहिली.

मग पान खाली ठेवले. आप्पांनी निर्णय सांगितला: प्रायश्चित्त घेईपर्यंत रोटी, पंगत, पाणी बंद. शेवटी ते म्हणाले, “खोटेपणाचा ठपका सभा ठेवत नाही.” मी म्हटले, “ठेवताच येत नाही.”

घरी आलो. पत्नीने माझ्या तोंडाकडे पाहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी घागर कमरेवर घेऊन ती रोजच्या वेळी हौदावर गेली. बायका बाजूला झाल्या. एकीने पोहरा उचलून आपल्यामागे ठेवला. पत्नी भांडली नाही, परतही आली नाही. रिकामी घागर पायरीवर ठेवून शेजारी बसली. ऊन डोक्यावर आल्यावर उठली, तिसऱ्या प्रहरी पुन्हा जाऊन बसली. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच केले. मी नदीचे पाणी आणत होतो. ज्येष्ठात मुठेला डबकी उरतात. फडक्यातून गाळले तरी ते पिवळेच राही. तुझ्या बसण्याने काय होणार, असे मी विचारले. ती म्हणाली, “तुम्ही सभेत बसलात, मी हौदावर बसते. मला काय दुसरं काम आहे?”

तिसऱ्या दिवशी अशीच ती बसायला गेली असताना मुलीला कळा लागल्या. सुईण आली. ती आमच्या जातीची नव्हती, तिला आमच्या सभेशी कर्तव्य नव्हते. तिने माझे नदीचे पाणी ओंजळीत घेऊन पाहिले आणि परत हंड्यात टाकले. “याने मी बाळाला हात लावायची नाही,” ती म्हणाली. “चांगलं पाणी आणा. लौकर.”

मी निघालो तो पाण्यासाठी निघालो नव्हतो. आप्पांकडे जाऊन प्रायश्चित्त घेतो म्हणणार होतो. आप्पांचे घर हौदाच्या पलीकडे आहे. नजर पावलावर ठेवून चाललो, कारण दुसरे काही सुचत नव्हते. हौदाजवळ पत्नीने हाक मारली.

“कुठे निघालात?”

मुलीचे सांगितले, सुईणीचे सांगितले, आप्पांचे नाव घेतले. तिने घराच्या दिशेने पाहिले. वाटले, ती जा म्हणेल. म्हणाली तर बरे, असेही वाटले. तिने घागर माझ्या बाजूला सरकवली. “आता शपथ खोटी करायला जाताय? मग तेव्हाच करायची होती, दोन दिवसांचं गढूळ पाणी तरी वाचलं असतं. बसा इथे.”

मी बसलो. मागण्यासारखे काही उरले नव्हते. मुलीसाठीही मागता आले नाही. मनात शब्दच बनेना. श्वास तेवढा चालू होता.

तेवढ्यात अक्का आल्या. अक्का म्हणजे आप्पांच्या थोरल्या बहीण. लहानपणी विधवा झाल्या, त्यांच्याच घरी असतात. त्यांचे सोवळे एवढे कडक की त्या हौदावर आल्या की इतर बायका पदर सावरून लांब उभ्या राहतात. एरवी त्या पहाटेच पाणी नेतात. त्या वेळी का आल्या ते ठाऊक नाही. त्यांनी स्वतःचा पोहरा सोडला, भरून वर ओढला, आणि आपल्या हंड्यात न ओतता आमच्या घागरीवर धरला. घागरीला पोहरा लागू दिला नाही. उंचावरून ओतले, थेंब बाहेर गेला नाही. मग पुन्हा सोडला.

एक बाई पुढे झाली. “अक्का, सभेनं बंद केलंय त्यांचं पाणी.”

अक्कांनी दोर ओढता ओढता उत्तर दिले. “सभेला मला बोलावलं नव्हतं.”

घागर भरली. पत्नी ती घेऊन जवळजवळ पळत गेली. मी उभा राहून अक्कांना नमस्कार केला. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही.

पुढे मी थोडी चौकशी केली, कारण तो माझा धंदा आहे. फकिराने कोणाकरवी निरोप पाठवला का, असे त्याला विचारले. त्याने नाही म्हटले. अक्कांना तो ओळखत नव्हता. त्याच्या बोलण्यावर संशय घ्यायला मला कारण नाही. देवळातल्या गुरवाने सांगितले की सभेच्या दिवशी अक्का गाभाऱ्याबाहेर जप करत बसल्या होत्या, आणि सभा गप्प झाली तेव्हा त्यांच्या हातातली माळही थांबली होती. हे ऐकलेले आहे. अक्कांना मी विचारले नाही. शेवटी फकीर म्हणाला, तहान भागली ना, मग दोर कोणाच्या हातात होता ते कशाला शोधतोस. देणाऱ्याचा हात कोणताही असू शकतो. मी तेव्हापासून शोधत नाही. रोज पहिला घोट घेताना मात्र श्वास थांबवून घेतो, आणि ज्याचे नाव घेतो त्याला सांगतो की मी मागितले नव्हते, तू दिलेस.

मुलीला मुलगी झाली. तिची पहिली आंघोळ हौदाच्या पाण्याने झाली. दोघी बऱ्या आहेत. प्रायश्चित्त मी घेतलेले नाही आणि सभेने निर्णय मागे घेतलेला नाही. पत्नी रोज सकाळी हौदावर घागर ठेवते आणि अक्का ती भरतात. आप्पांनी बहिणीला काही म्हटल्याचे ऐकण्यात नाही.

श्रावण लागल्यावरच्या गुरुवारी मी तकियात गेलो. फकीर चिंचेखाली दोर वळत होता. कोणाचा, असे विचारले. आप्पांच्या घरून सांगावा आला आहे, तो म्हणाला. त्यांच्या पोहऱ्याचा जुना दोर झिजला.